आपले प्रश्न : शेऱ्याचा रकाना

गेल्या अंकातील स्तनकर्करोगावरील टिपणानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: तपासणी झाली हे खरे, पण ती चांगली झाली हे कशावरून ठरवायचे? त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखिकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

आमच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची) फिरती गाडी बोलावली होती. ४०० जणींची तपासणी झाली, ३६ जणींना पुढील तपासणीसाठी पाठविले आणि एकीलाही कर्करोग निघाला नाही. अध्यक्षबाई म्हणतात, शिबिर यशस्वी झाले. चिटणीस म्हणतात, एकही रुग्ण सापडला नाही म्हणजे खर्च वाया गेला. कोणाचे खरे मानावे? — एक सभासद, रामबाग, इंदूर

दोघींचेही म्हणणे एकाच वाक्यावर उभे आहे आणि ते वाक्यच मला आधी तपासावेसे वाटते. 'एकीलाही कर्करोग निघाला नाही' याचे दोन अर्थ संभवतात. पहिला असा की, छत्तीसही जणींची सोनोग्राफी आणि गरज तेथे बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे) झाली व सर्वांचे अहवाल निर्धोक आले. दुसरा असा की, त्यांतील काही जणी पुढे कोठे गेल्याच नाहीत आणि मंडळाला काही कळले नाही. 'निघाला नाही' आणि 'कळले नाही' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या पत्रावरून यांतले कोणते घडले हे मला समजत नाही. बहुधा आपल्या वहीवरूनही ते समजणार नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी महूच्या बाजूच्या एका गावात झालेल्या शिबिराचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. लांब पानांची वही होती, लाल शाईने आखलेली: अनुक्रमांक, नाव, वय, मोबाइल, तपासणी आणि अगदी कडेला अरुंद असा शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात जेथे काही लिहिले होते तेथे 'इंदूरला पाठविले' एवढेच होते. सहा आठवड्यांनी मी त्या क्रमांकांवर फोन लावायला बसले. एक क्रमांक गावातल्या किराणा दुकानाचा निघाला. दुसऱ्यावर त्या बाईंच्या मुलाने फोन उचलला आणि 'कौन-सी जाँच?' असे विचारले. आईने घरी काही सांगितलेच नव्हते, आणि मी सांगावे की नाही हे मला त्या क्षणी ठरविता येईना. 'आईंना फोन करायला सांगा' एवढे म्हणून मी ठेवून दिला. त्यांचा फोन आला नाही. अहवालात 'शिबिर अत्यंत यशस्वी झाले' हे वाक्य तोवर छापून गेले होते, आणि ते मीच लिहिले होते.

आता चिटणीसबाईंच्या तक्रारीकडे वळू. ४०० जणींत किती कर्करोग सापडायला हवे होते, याचा अंदाज बांधता येतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरू की या वयाच्या एक लाख स्त्रियांत वर्षाला शंभर जणींना स्तनकर्करोग होतो. म्हणजे ४०० जणींत वर्षाला सरासरी ०.४. ज्या स्त्रियांची पूर्वी कधीच मॅमोग्राफी झालेली नाही त्यांच्यात मात्र मागील काही वर्षांचे दबून राहिलेले आजारही पहिल्याच फेरीत हाती लागतात. म्हणून स्तनकर्करोग तपासणीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांच्या २००६ सालच्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या फेरीसाठी नेहमीच्या वार्षिक प्रमाणाच्या किमान तिप्पट कर्करोग सापडावेत अशी अपेक्षा धरली आहे. त्या मापाने आपल्या शिबिरात १.२ कर्करोग सापडायला हवा होता. इतक्या लहान अपेक्षेत शून्य येण्याची शक्यता दहांत तीन असते, म्हणजे तपासणी उत्तम झाली असतानाही असे सहज घडू शकते. एका शिबिराच्या शून्यावरून खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही, आणि उद्या दुसऱ्या मंडळाच्या शिबिरात दोन सापडले तर ते आपल्यापेक्षा सरस होते असेही म्हणता येणार नाही. तपासणीच्या कामगिरीची मापे हजारांच्या आणि लाखांच्या संख्येवरच स्थिर होतात.

याउलट छत्तीस हा आकडा बोलका आहे. ४०० पैकी ३६ म्हणजे नऊ टक्के जणींना परत बोलावले गेले. युरोपीय सूचनांनुसार पहिल्या फेरीत हे प्रमाण सात टक्क्यांखाली असणे चालण्याजोगे आणि पाच टक्क्यांखाली असणे इष्ट मानले जाते. बोलावणे जास्त म्हणजे अनेक घरांत विनाकारण झोपमोड, सोनोग्राफीचा खर्च आणि काहींच्या वाट्याला सुईसुद्धा. ते फारच कमी असेल तर तेही शंकास्पद, कारण मग काही गाठी नजरेतून सुटत असाव्यात. आपला नऊचा आकडा एका शिबिरापुरता असल्याने त्यावरही मी फार भार टाकणार नाही. पण फिल्म वाचणारे डॉक्टर वर्षाला किती फिल्म वाचतात, हे पुढच्या वेळी अवश्य विचारावे. ब्रिटनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फिल्म वाचणाऱ्याने वर्षाला किमान पाच हजार जणींच्या फिल्म वाचाव्यात असा दंडक आहे आणि प्रत्येक फिल्म दोघे जण वाचतात.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. हळदीकुंकवाला कोण येते? आपले मंडळ आता सर्व स्त्रियांना बोलावीत असेल, तरीही पासष्टीच्या विधवा आजी त्या दिवशी 'मी कशाला, तुम्ही जा' म्हणून घरीच थांबतात, हे आपण सर्वजणी पाहतो. स्तनकर्करोगाची जोखीम वयाबरोबर वाढते. ज्यांना तपासणीचा उपयोग अधिक, त्यांनाच गाळणारे निमंत्रण आपण छापले की काय, हे त्या ४०० जणींच्या वयांचा रकाना पाहून अर्ध्या तासात कळेल. ब्रिटनमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात मोजणीची सुरुवातच येथून होते: ५० ते ७० वर्षांच्या ज्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी पत्र जाते, त्यांतील किती जणी आल्या? सत्तर टक्के ही तेथे किमान अपेक्षा. आपल्याकडे आलेल्यांची संख्या अभिमानाने सांगतात. किती जणी यायला हव्या होत्या, हा छेदाचा आकडा कोणाकडेच नसतो.

माझ्या जाऊबाईंची मॅमोग्राफी झाली तेव्हा अहवालात काही दोष नव्हता. आठ महिन्यांनी आंघोळ करताना त्यांच्या हाताला गाठ लागली आणि तो कर्करोग निघाला. ही डॉक्टरांची चूक समजावी का? अशा तपासणीचा मग उपयोग काय? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

आपल्या जाऊबाईंनी गाठ लागताच दाखविली हे फार चांगले केले. 'मागच्या वेळी काही नव्हते' या भरवशावर थांबणाऱ्या अनेकजणी असतात.

दोन फेऱ्यांच्या मध्ये उघड होणाऱ्या अशा कर्करोगांना मधल्या काळातील कर्करोग म्हणतात आणि जगातील प्रत्येक कार्यक्रमात ते आढळतात. त्यांची कारणे वेगवेगळी असतात. काही गाठी इतक्या वेगाने वाढतात की फिल्म काढली त्या दिवशी त्या दिसण्याजोग्या नव्हत्याच. काही होत्या, परंतु स्तनातील दाट ऊतींच्या पांढऱ्या सावलीत लपून राहिल्या. रजोनिवृत्तीपूर्वी स्तन अधिक दाट असल्याने तरुण स्त्रियांत हे जास्त घडते. आणि काही खरोखर दिसत होत्या, पण वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटल्या. यांतले कोणते झाले हे जुनी फिल्म पुन्हा वाचल्याशिवाय सांगता येत नाही. ती वाचणाऱ्याला पुढचा निकाल ठाऊक असेल तर ते पुन्हा वाचणेही अप्रामाणिक ठरते, कारण उत्तर हाती असताना कोडे कोणालाही सुटते. म्हणून चांगल्या कार्यक्रमांत अशा फिल्म इतर फिल्ममध्ये मिसळून तज्ज्ञांपुढे ठेवण्याची पद्धत आहे.

अमेरिकेतील लक्षावधी मॅमोग्राफींवर आधारलेल्या २०१७ सालच्या एका अहवालात चाचणीची संवेदनक्षमता सुमारे ८७ टक्के आढळली. त्याचा अर्थ असा की, मॅमोग्राफीनंतर वर्षभरात ज्या शंभर जणींना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले, त्यांतील सुमारे तेरा जणींना त्या दिवशी 'काही नाही' असेच सांगितले गेले होते. म्हणून प्रश्न असे कर्करोग घडले का हा नसून किती घडले हा असतो. युरोपीय सूचनांप्रमाणे, तपासणी नसती तर जेवढे कर्करोग अपेक्षित असते, त्यांच्या तुलनेत पहिल्या बारा महिन्यांत मधले कर्करोग ३० टक्क्यांच्या आत आणि पुढील बारा महिन्यांत ५० टक्क्यांच्या आत राहावेत.

हे माप माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे आणि आपल्याकडे सर्वांत अवघडही. जाऊबाईंची तपासणी एका संस्थेने केली, निदान दुसऱ्या रुग्णालयात झाले आणि उपचार कदाचित मुंबईला होतील. तपासणी करणाऱ्या संस्थेच्या दप्तरात त्या आजही 'निर्दोष' या रकान्यातच आहेत. तपासणीची यादी आणि लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी (म्हणजे त्या भागातील सर्व कर्करुग्णांची यादी) या दोन गोष्टी जेव्हा एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात, तेव्हाच हे माप निघते. भारतात राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद चालविते आणि आपल्या राज्यात भोपाळची नोंदणी वायुदुर्घटनेनंतरच्या वर्षांत सुरू झालेली आहे. जाऊबाईंनी तपासणी करणाऱ्या संस्थेला निदान कळवावे आणि जुनी फिल्म पुन्हा वाचण्याची लेखी विनंती करावी. दोषारोप न करता लिहिलेल्या अशा पत्राने त्यांच्यानंतर येणाऱ्या स्त्रियांचे काम होईल.

एका रुग्णालयाच्या पत्रकात वाचले की, शिबिरात सापडलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण स्वतःहून आलेल्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त आहे. हा तर तपासणीच्या यशाचा पुरावाच झाला ना? — निवृत्त शिक्षिका, टिळकनगर, इंदूर

पुरावा वाटतो, पण नव्हे. उपमा थोडी अशुभ आहे, त्याबद्दल क्षमा असावी. परंतु याहून सोपी मला सुचत नाही. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये एक प्रवासी इंदूरला चढला आणि दुसरा रतलामला. इंदूरचा प्रवासी डब्यात अधिक तास बसला, पण मुंबईला दोघे एकाच वेळी पोचले. निदानापासून मोजलेली वर्षे म्हणजे डब्यात बसलेले तास. शिबिरात निदान दोन वर्षे आधी झाले आणि मृत्यूची तारीख तसूभरही हलली नाही, तरी 'निदानानंतरचे आयुष्य' कागदावर दोन वर्षांनी वाढते. बाईंच्या पदरात पडतात ती आजाराच्या जाणिवेची दोन वर्षे.

दुसरी मेख अशी की, संथ वाढणाऱ्या गाठी दिसण्याजोग्या अवस्थेत अधिक काळ राहतात, म्हणून ठरावीक दिवशी भरणाऱ्या शिबिराच्या जाळ्यात त्याच जास्त सापडतात. वेगाने वाढणाऱ्या गाठी वर लिहिल्याप्रमाणे दोन फेऱ्यांच्या मधूनच निसटतात. संथ गाठींचे रुग्ण तसेही जास्त जगतात. तिसरी गोष्ट समजावून सांगणे सर्वांत कठीण: काही कर्करोग इतके मंद असतात की, ते सापडलेच नसते तर त्या स्त्रीला जन्मभर त्यांची जाणीवही झाली नसती. तपासणीत ते सापडतात, शस्त्रक्रिया होते आणि ती स्त्री 'वाचलेल्यांत' मोजली जाते. ब्रिटनमध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१२ साली जो हिशेब मांडला, त्यानुसार पन्नाशीपासून वीस वर्षे तपासणीला बोलावलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे स्तनकर्करोगाचे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असे अनावश्यक निदान पदरी पडते. तपासणी करू नये असे समितीने म्हटले नाही. दोन्ही आकडे स्त्रियांना सांगावेत असे म्हटले. आपल्याकडच्या पत्रकांत दुसरा आकडा मी अजून पाहिलेला नाही.

मग खरा पुरावा कोणता? एकूण लोकसंख्येत, म्हणजे तपासणीला आलेल्या आणि न आलेल्या अशा सर्व निमंत्रित स्त्रियांत, स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले का, हा. या कसोटीवर आपल्या देशात झालेले मोठे काम मुंबईचे आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे वीस गट केले. त्यांतील निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या आणि त्यानंतरही स्त्रियांचा माग ठेवला गेला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे पुढारलेल्या अवस्थेत सापडलेले रुग्ण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मृत्यूचे प्रमाण एकंदरीत १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मात्र तो सुमारे ३० टक्के आणि निर्णायक आढळला, जरी ही वयाची विभागणी नंतर करून पाहिलेली होती. उत्तर मिळायला वीस वर्षे लागली, आणि तेही असे अर्धे-मुर्धे. एका पत्रकाला ते पाच वर्षांत मिळेल अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

बातम्यांत कोट्यवधी स्त्रियांची स्तनतपासणी झाल्याचे वाचते आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र शंभरात एकही भरत नाही. खरे काय? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

२०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ०.९ टक्के जणींनी आपली स्तनतपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले, हे बरोबर आहे. एक आकडा सेवा देणाऱ्याच्या दप्तरातून येतो, दुसरा स्त्रीच्या तोंडून. दोन्हींचा काळ आणि वयोगटही एक नाही. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी करण्याचे ठरले, परंतु आशा कार्यकर्तीने घरी येऊन भरलेला प्रश्नांचा फॉर्म आणि पडद्याआड झालेली प्रत्यक्ष तपासणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोटींचा आकडा वाचताना त्यात यांपैकी काय मोजले आहे, हे पाहावे.

आमचे दुसरे शिबिर नवरात्रानंतर आहे. गाडीवाले नाव, वय आणि फोन एवढेच लिहून घेतात. आम्ही आमच्या वहीत आणखी काय लिहावे? — मंडळाच्या कार्यकर्त्या, राजेंद्रनगर, इंदूर

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनकर्करोगासाठी जो उपक्रम जाहीर केला, त्यातील तीन मापे आपल्या वहीत मावण्याजोगी आहेत: आक्रमक (आसपासच्या ऊतींत शिरलेल्या) कर्करोगांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत सापडावेत, स्त्री प्रथम दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, आणि ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी उपचार अर्धवट न सोडता पूर्ण करावेत. म्हणून ज्यांना पुढे पाठविले त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवा आणि त्यावर तारखांचे रकाने आखा: शिबिराची तारीख, सोनोग्राफीची तारीख, बायोप्सीची तारीख, अहवाल हाती आल्याची तारीख, उपचार सुरू झाल्याची आणि पूर्ण झाल्याची तारीख. 'पाठविले', 'सांगितले', 'कळविले' असली क्रियापदे लिहू नका; त्यांतून आपण काय केले ते कळते, त्या बाईचे काय झाले ते कळत नाही.

मोबाइल क्रमांकापुढे तो कोणाचा आहे हे लिहून घ्या आणि तिच्याच तोंडून विचारा की, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे. 'मंडळाच्या भिशीबद्दल फोन आहे' असे ठरवून घेतलेले एक वाक्य पुरते. वही एकीच्याच ताब्यात, कुलपात असावी. आणि गाडी ठरविण्याआधी, पाठविलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी आणि बायोप्सी कोठे, कोणत्या वारी आणि किती रुपयांत होईल हे लेखी ठरवा. ते ठरत नसेल तर शिबिराची तारीख पुढे ढकलणे बरे.

दिवाळीची साफसफाई काढली आहे. सासूबाईंच्या मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्म रद्दीत द्याव्यात का? — एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

देऊ नयेत. नवी फिल्म जुनीशेजारी लावून पाहिली की, जी सावली पाच वर्षे जशीच्या तशी आहे तिच्यासाठी परत बोलावण्याची वेळ बहुधा येत नाही, आणि जी यंदा नवीन आहे ती पटकन नजरेत भरते. पाकिटावर वर्ष लिहून, घडी न घालता, कपाटात सपाट ठेवा आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंबरोबर पाठवा.